घासागणिक वाइन

नाशिकला वाइन चाखायला जायचं तर फेब्रुवारीत जावं. जानेवारीपासून मार्चपर्यंत इथं वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते. टेस्टिंग तसं बाराही महिने असतं. पण इतर वेळी वायनरी म्हणजे पोलादी टाक्यांची एक थंडगार इमारत. ज्या वेलीतून ती वाइन आली ती वेल तेव्हा एक तर नुकती छाटलेली असते, नाही तर पावसात उभी. आणि शनिवार-रविवार टाळावा. त्या दिवशी मुंबईच्या गाड्यांनी गंगापूर रस्ता भरून जातो, आणि माहिती सांगणाऱ्या मुलीला एका वेळी चाळीस माणसांना ओरडून सांगावं लागतं. आम्ही बुधवार धरला. टेबलावर आम्ही तिघं आणि ठाण्याहून आलेलं एक तरुण जोडपं, एवढेच.

आम्ही तिघं म्हणजे मी, नवरा आणि मामा. मामांची निफाड तालुक्यात थॉम्पसन द्राक्षांची बाग आहे. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी. त्यामुळे वाइन ओठाला लावायचा प्रश्नच नव्हता. ‘येताना गाडी चालवायला न प्यालेला माणूस नको का?’ असं मामींना सांगून ते आमच्याबरोबर निघाले. मामींनी ते मान्य केलं. पण गाडी ओझरच्या पुढे आल्यावर मामांनी खरं काय ते सांगितलं. वाइनची बाग त्यांना एकदा आत शिरून बघायची होती. रस्त्यावरून बघितलेल्या बागेला ते बघणं मानत नाहीत.

वाइन हा विषय निघाला की मामांची पंचाईत होते. 2022च्या जानेवारीत राज्य सरकारनं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय काही अमलात आला नाही. गावातले बागाईतदार सरकारच्या बाजूचे, दिंडीतली माणसं विरोधात, आणि मामा दोन्हीकडचे. ‘मी दोन्हीकडं गप बसलो,’ ते म्हणाले आणि गाडी गंगापूर रस्त्याला वळवली.

या रस्त्याचं नाव वाइनशी जोडलं ते सुला वायनरीनं. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले, नव्वदच्या दशकात त्यांनी इथल्या घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रानं फेसाळती वाइन करून परदेशी पाठवली होती. 2001मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणून करात सवलत दिली आणि मग नाशिक, दिंडोरी, विंचूर भागात वायनरी उभ्या राहिल्या. आम्ही गेलो ती धरणाच्या बाजूची, मध्यम आकाराची. माहिती सांगणारी मुलगी दिंडोरी तालुक्यातलीच निघाली. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, वर वाइनचा परीक्षा देऊन करायचा अभ्यासक्रम केलेली. आम्हाला सर-मॅडम म्हणे आणि मामांना काका.

आधी बाग. शिराझची ओळ होती. मांडव नाही, वाय आकाराच्या अँगलही नाहीत. तारांवर सरळ वर बांधलेल्या काड्या आणि खाली कमरेच्या उंचीवर लोंबणारे काळे घड. मणी जेमतेम बारा मिलिमीटरचा. मामा निर्यातीला अठराचा मणी देतात. त्यांनी एक मणी तोडला, चावला, साल दाढेखाली घोळवली, बी फोडली आणि बाजूला थुंकले.

‘गोडी लई आहे. पण असलं बारकं पीक आमच्याकडं आलं असतं तर व्यापाऱ्यानं गाडी उभी केली नसती.’

‘आम्हाला बारकंच हवं, काका,’ ती म्हणाली.

मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं त्यात आम्हाला फारसं काम नव्हतं, पण ऐकण्यासारखं पुष्कळ होतं. रंग सालीत असतो, तुरटपणा सालीत आणि बियांत असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून मामा जिथं मणी फुगावा म्हणून जिब्रेलिकच्या द्रावणात घड बुडवतात, तिथं हे लोक मणी फुगू नये म्हणून पाण्याला हात आखडता घेतात. मामा थॉम्पसन साखर अठरा ब्रिक्सला आली की तोडतात. इथं लाल वाइनचं द्राक्ष तेवीस-चोवीसपर्यंत थांबवतात, कारण त्या साखरेचंच पुढं अल्कोहोल होणार असतं. मामा एकरी दहा-बारा टन काढतात. चांगली वाइन हवी असेल तर इथं चार-पाच टनांवर समाधान मानायचं. बी चावून बघण्याची मामांची सवय मात्र तिला एकदम पटली. वाइन करणारेही तेच करतात: बी तपकिरी झाली, दाताखाली कुरकुरली, की द्राक्ष तयार. नुसत्या साखरेच्या आकड्यावर जायचं नसतं.

ओळीच्या टोकाला गुलाब लावलेले होते. ठाण्याच्या मुलीनं फोटो काढताना विचारलं, हे कशाला? भुरी रोग आधी गुलाबावर दिसतो, म्हणून बागेला सावध करण्यासाठी ही जुनी युरोपातली रीत, असं उत्तर आलं. मामा हसले. गुलाबाची भुरी वेगळ्या बुरशीची, द्राक्षाची वेगळ्या. हवा तेवढी दोघींना सारखी लागते. ‘आणि गुलाबावर यायची वाट बघत बसलो तर आमचं घर चालायचं नाही,’ ते म्हणाले. गुलाब आता शोभेचेच आहेत, हे तिनंही कबूल केलं.

इथल्या वाइनची चव समजून घ्यायला एक गोष्ट मला फार उपयोगी पडली, आणि ती टेबलावर नव्हे तर या ओळीत उभ्यानं कळली. युरोपात वेल थंडीत झोपते, वसंतात फुटते आणि हवा गार होत जाते तशी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकते. नाशिकची वेल झोपतच नाही. तिला दोनदा छाटावं लागतं: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरत आला की गोडी छाटणी. फळ थंडीत वाढतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतं. म्हणजे शेवटच्या आठवड्यांत हवा गार होण्याऐवजी तापत जाते. साखर भराभर चढते, आंबटपणा तितक्याच वेगानं उतरतो. तोडणी दोन-चार दिवस लांबली तरी वाइन मिळमिळीत होते. म्हणून इथं ऊन चढायच्या आत, पहाटे तोडतात, आणि क्रेट लगोलग आत जातात.

मामांना मात्र आणखी काही विचारायचं होतं, ते त्यांनी इमारतीकडे चालताना विचारलं. त्यांच्या गावात काहीजणांनी एके काळी कराराच्या भरवशावर कॅबर्नेट लावलं होतं. 2008च्या मंदीनंतर आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाइनची मागणी बसली आणि माल उचलणाऱ्यांनी हात वर केले. थॉम्पसन पडून राहिलं तर स्थानिक बाजार आहे, बेदाणा आहे. कॅबर्नेट कोण खाणार? जाड साल, दोन-तीन बिया, बोटाच्या पेराएवढाही नाही असा मणी. त्या माणसांनी उभ्या बागा उपटल्या. ‘आता काय खात्री?’ मामांनी विचारलं. मुलीनं गुळमुळीत उत्तर दिलं नाही. ‘ते मला नाही सांगता येणार, काका. आमच्या बागेचे मॅनेजर आहेत, त्यांच्याशी भेट घालून देते,’ म्हणाली. तिच्याबद्दल माझं मत तिथंच चांगलं झालं.

टाक्यांची इमारत मी भराभर उरकते, कारण सगळ्या वायनरींत ती सारखीच. आंबण्याचा जड वास. लाल द्राक्षाचा रससुद्धा पांढराच असतो, सालीसकट आंबवला की लाल वाइन, काही तासांतच सालीपासून सोडवला की गुलाबी. पांढरी वाइन पंधरा अंशांच्या आसपास सावकाश आंबवतात, म्हणजे वास उडून जात नाही; लाल थोडी गरम. मग ओकची पिंपं, 225 लिटरची, एकात साधारण तीनशे बाटल्या मावतील एवढी. तिथं सगळ्यांनी फोटो काढले. बाहेर अंगणात द्राक्षं तुडवायचा एक हौद होता आणि त्यात पाय घालायला वेगळं तिकीट. तो रस वाइनमध्ये जात नाही. मामांनी हौदाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मलाही तो प्रकार नको वाटला.

टेबलावर बसताना प्रत्येकाचं वय विचारलं गेलं. महाराष्ट्रात वाइन-बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस पूर्ण लागतात. मामांनी आपलं वय सांगून वर ‘पण मला नको’ हेही सांगितलं. तरी त्यांच्यापुढेही ग्लास आला. वास घ्या, काका, नाकाला माळ नसते, असं ती म्हणाली आणि मामांना ते आवडलं.

प्रत्येकापुढे एक लाकडी पाट, त्यावर छोटे छोटे घास, आणि मध्ये सगळ्यांत मिळून चार वाट्या: मीठ, लिंबाच्या फोडी, साखर आणि लाल तिखट. वाट्यांचं काय करायचं ते शेवटी, असं सांगून तिनं सुरुवात केली. ग्लास दांडीला धरायचा, हाताची ऊब लागू द्यायची नाही. आधी वास, मग फिरवून पुन्हा वास. दुसरा वास पहिल्याहून मोठा येतो, कारण फिरवल्यानं वाइन काचेवर पसरते आणि उडून जाणारे पदार्थ सुटतात. घोट घेतल्यावर लगेच गिळायचा नाही. काचेवरून ओघळणाऱ्या रेघांबद्दल तिनं फार बोलू दिलं नाही. त्या अल्कोहोल आणि साखर दाखवतात, दर्जा नाही. शिवाय टेबलावर थुंकायचं भांडं होतं. घोट थुंकून टाकला तरी चालतो, उलट सगळ्या वाइन नीट कळाव्यात म्हणून टाकावाच, असं ती म्हणाली. आम्हा चौघांपैकी कुणाचंही धाडस होईना. पैसे दिलेली वस्तू चारचौघांत थुंकायची हे आपल्याला जमत नाही. मामा तेवढे म्हणाले, ‘त्यात काय? मी बागेत दिवसभर तेच करतो.’

पहिली फेसाळती. हिच्यात दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया बाटलीतच होते आणि तयार होणारा वायू आतच कोंडून राहतो. बरोबर दिली होती कोथिंबीर वडी, तळलेली, गरम. नुसता घोट मला आंबट आणि किंचित पावासारखा लागला. वडीनंतरचा घोट मात्र वेगळा. आंबटपणा आणि बुडबुडे मिळून जिभेवरचं तेल धुऊन टाकतात, आणि तेल गेल्यामुळे वडीतली कोथिंबीर, तीळ, लसूण पुन्हा वर येतात. दुसरी वडी पहिलीहून चांगली लागली. तळलेल्या पदार्थांवर चहा पिणाऱ्या माणसाला हे मान्य करायला थोडं जड जातं, पण खरं आहे.

मग सॉविन्याँ ब्लाँ, बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर. मामांनी ग्लास नाकाशी नेला. ‘पेरू. हिरवा. आणि सिमला मिरची कापल्यासारखं कायतरी.’ मुलगी खूश झाली. या द्राक्षात सिमला मिरचीत असणारंच एक द्रव्य खरोखर असतं. ठाण्याच्या मुलाला लिची आली, माझ्या नवऱ्याला फक्त वाइन आली. पुढच्या ग्लासात, शेनिन ब्लाँमध्ये, मामांनाही काहीच आलं नाही. ‘याला वास नाही’ म्हणून त्यांनी तो खाली ठेवला. पण दिवसातली सगळ्यात कामाची वाइन तीच निघाली.

शेनिन किंचित गोडसर होती. बरोबर पनीर टिक्का, आणि तो हॉटेलातल्यासारखा गुळमट नव्हे, चांगला झणझणीत. तिनं आम्हाला आधी पनीरनंतर सॉविन्याँ प्यायला लावली. जीभ भाजली. मग पनीर खाऊन शेनिन. आग विझत गेली. कारण तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तिखटाची जळजळ आणि अल्कोहोलची जळजळ जिभेवरच्या एकाच जागी जाऊन भिडतात, म्हणून तिखटावर कडक, कोरडी वाइन घेतली की दोन्ही आगी एकत्र होतात. थोडी साखर, कमी अल्कोहोल आणि गारवा असेल तर उलटं होतं. महाराष्ट्रातल्या जेवणाबरोबर काय प्यावं याचं निम्मं उत्तर इथंच मिळतं, आणि आपल्याकडे लग्ना-पार्ट्यांत नेमकी कोरडी लाल वाइन का ठेवतात, ते मला कळत नाही. लाल म्हणजे भारी, एवढंच कारण असावं.

यानंतर कॅबर्नेट सॉविन्याँ आली आणि वाट्या पुढे सरकवल्या गेल्या. नुसती कॅबर्नेट: काळसर, गालांच्या आतल्या बाजूला ओढ लावणारी, तुरट. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. आता बोटाच्या टोकावर साखर घेऊन चाटायची आणि घोट. तीच वाइन एकदम आंबट, पातळ, जवळजवळ शिळी. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ठाण्याच्या मुलानं तर बाटली बदलली का म्हणून विचारलं. मग पाण्याची चूळ, आणि बोटावर मीठ, वर लिंबाचे दोन थेंब. घोट घेतला तर तुरटपणा निम्म्यावर आलेला, मागून जांभळाचा वास, सगळं मऊ. मीठ कडवटपणा दाबतं. आंबट चाखल्यावर वाइनचा आंबटपणा कमी भासतो. शेवटी तिखट. चिमूटभरच, पण त्यानंतरची कॅबर्नेट घशापर्यंत पेटत गेली आणि फळाचा मागमूस राहिला नाही.

एकाच ग्लासातले तीन घोट, मिनिटभराच्या अंतरानं, आणि तीन वाइन. मी आजवर वाइनवर जे काही वाचलं होतं त्यात बाटलीवर, सालावर, द्राक्षाच्या जातीवर पानंच्या पानं होती. घोटाच्या आधी तोंडात काय होतं याला कुणी एवढं महत्त्व दिलेलं मला आठवत नाही. आणि खरं तर बाटलीतली वाइन बदलणं आपल्या हातात नसतं, घास बदलणं असतं.

मामा हा सगळा खेळ बारकाईनं बघत होते. त्यांनी आपल्या वाटच्या शिराझच्या घडातले दोन मणी खिशातून काढले (बागेतून ते कधी घेतले कुणी पाहिलं नव्हतं), एक मिठाला लावून खाल्ला, एक साखरेला. ‘होय की,’ म्हणाले. ‘साखरेवर द्राक्ष आंबट लागतं.’ द्राक्ष खाल्ल्यावर चहा अगोड लागतो हे त्यांना माहीत होतंच, उलटं कधी करून बघितलं नव्हतं.

पाटावर भाजलेले मशरूमही होते आणि ते कॅबर्नेटबरोबर खायला तिनं मुद्दाम सांगितले. वाइन कडू झाली, थोडी धातूसारखी. मशरूम, पिकलेला टोमॅटो, सोया सॉस यांतली ती भरीव चव टॅनिनला कडू करते. वरून मीठ घातलं तर पुष्कळ सावरतं. आपल्या टोमॅटोच्या ग्रेव्ह्या मनात आल्या आणि आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळालं.

शिराझला मटणाचा सीख कबाब होता, मामांसाठी त्या जागी जुनं, कडक चीज. प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात, म्हणून मटणावर लाल वाइन खुलते. शिवाय शिराझमध्ये काळ्या मिरीचा एक वास असतो, तो कबाबातल्या मसाल्यात मिसळून गेला. इथं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पाट रिकामे झाले. ग्लास मात्र गारसर होता याकडे तिनं लक्ष वेधलं. लाल वाइन ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी हे वाक्य युरोपातल्या थंड घरांचं आहे. फेब्रुवारीतल्या दुपारी नाशिकमधलं घर तीस अंशांवर असतं. तिथं लाल वाइनसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी.

मग चॉकलेट. गडद चॉकलेट आणि लाल वाइन ही जोडी प्रत्येक टेस्टिंगमध्ये असते आणि मला ती साफ चुकीची वाटते. चॉकलेट गोड आणि कडू, वाइन कोरडी आणि तुरट. साखरेच्या वाटीनं जे आत्ताच दाखवलं होतं तेच पुन्हा घडलं. मी तसं म्हटलं. मुलगी हसून म्हणाली, ‘मॅडम, लोक मागतात.’ गोडाचा नियम तिनं पुढच्या ग्लासावर सांगितला: वाइन पदार्थाहून गोड हवी. हा शेवटचा ग्लास होता वेलीवर उशिरापर्यंत ठेवलेल्या, सुकत आलेल्या शेनिनच्या द्राक्षांचा. दाट, मधाळ, तरी मागे आंबट. सोबत अक्रोड आणि श्रीखंडाचा एक चमचा. श्रीखंड किंचित भारी पडलं. चक्का कमी गोड असता तर जमलं असतं, असं माझं मत. मामांच्या मते श्रीखंडाला कुणाची गरजच नव्हती.

आम्ही शेनिन, शिराझ आणि कॅबर्नेटची एकेक बाटली घेतली. तेवढ्या वेळात मामा बागेच्या मॅनेजरला गाठून झाडाखाली उभे होते. परतताना त्यांनी गाडीत हिशेब मांडला: खुंटावर कलम, ठिबक, तारा, एकरी टन, करार किती वर्षांचा, दर ब्रिक्सवर ठरणार की वजनावर, पाऊस पडून घड कुजले तर कुणाचे. मामींना यातलं काही सांगू नका, असं बजावून ते घरी शिरले. बाटल्या अर्थातच गाडीच्या डिकीतच राहिल्या.

पुण्यात आल्यावर आमच्या स्वयंपाकघरात टेस्टिंग पुढे चालू राहिलं. शेनिन मिरचीच्या ठेच्यावर, बाजरीच्या भाकरीबरोबर: झकास. तीच शेनिन मिसळीवर: मिसळीपुढे वाइन दिसेनाशी झाली, त्यापेक्षा ताक बरं. कॅबर्नेट काळ्या मसाल्याच्या मटणावर घेऊन पाहिली, तिखट नेहमीचं ठेवून. घशाशी आग, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच मटण, तिखट निम्मं, वर लिंबू, आणि शिराझ फ्रिजमधून काढलेली. नवऱ्यानं, ज्याला गंगापूर रस्त्यावर कुठलाच वास आला नव्हता, ग्लास नाकाशी धरून ‘मिरी’ म्हटलं.

मामांचा फोन त्याच आठवड्यात आला. द्राक्षाची गाडी भरून झाली होती, त्यामुळे ते निवांत होते.

‘ते बारकं काळं तुझ्या मटणाला चाललं का?’

‘शिराझ चाललं, मामा. कॅबर्नेट नाही चाललं. तिखटाला टिकत नाही.’

‘मग लावायचं तर शिराझ लावायला पाहिजे,’ ते म्हणाले. थोडं थांबून, आवाज खाली आणून: ‘अर्धाच एकर. पण मॅनेजर तोंडी बोलतोय, लिहून द्यायला तयार नाही. लिहून दिलं तर मामीला सांगतो.’